अर्जुनरावांची चूल

अर्जुनराव मूळचे बार्शीकडचे. हे मला त्यांच्या पत्नीकडून, कौशल्याबाईंकडून कळलं. त्यांना स्वतःला कुणी गाव विचारलं की ते पिंपरी सांगत.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत ते देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला लागले आणि पिंपरीत राहिले. रेल्वे फाटकाजवळच्या चाळीत खोली घेतली. मी १९५६ साली औषधांच्या नव्या कारखान्यात कारकून होऊन आलो तेव्हा शेजारची खोली मला मिळाली. मी मराठी घेऊन बी.ए. झालो होतो. अर्जुनराव मला ‘बीए’च म्हणत.

पहिल्याच रविवारी त्यांनी मला गाव दाखवलं. पाहुण्याला घर दाखवावं तसं. मुंबईच्या रस्त्यावरचं नवं डांबर त्यांनी चपलेच्या टोकाने दाबून पाहिलं. ग्रामपंचायतीने वळणावर दिव्याचा खांब उभा केला होता. त्यावर तार अजून आली नव्हती. तरी आम्ही खांबाखाली थांबलो. मग सिंधी निर्वासितांच्या छावणीत दाल-पकवान खाल्लं.

“असं पुण्यात मिळत नाही,” ते म्हणाले.

“हे तर सिंधमधलं आहे.”

“होतं. आता पिंपरीचं आहे.”

पवनेचं पाणी हलकं आणि पुण्याचं जड, हे त्यांचं ठाम मत होतं. शनिवारी सुट्टी पडली की सायकलवर चाकणच्या बाजाराला जात आणि पिशवीभर कांदे आणत. तो कांदाही त्यांच्या हिशेबात आपलाच होता. आलेल्या प्रत्येक गोष्टीला आणि माणसाला ते पिंपरीत घेऊन टाकत. गावाने त्यांना अजून घेतलं नव्हतं.

गावात माघात सप्ताह बसे. काल्याच्या दिवशी देवळापुढे मोठ्या कढईत आमटी शिजे. भाकरी मात्र घरोघरच्या. सकाळी बैलगाडी निघे, दारोदार थांबे, प्रत्येक चुलीच्या भाकरी टोपल्यात पडत. गाडी जिच्या दारात थांबली ती चूल गावची. गावच्या चुलीच्या माणसाने पंगतीत वाढायचं. आणि त्या घरात कुणी गेलं तर गावाने खांदा द्यायचा. त्यामुळे नवी चूल घेताना जुनी मंडळी फार विचार करत. चाळ गावाच्या कडेला होती. गाडी चाळीवरून निघून जाई.

मी येण्याच्या आदल्या वर्षी चाळीतला एक फिटर तापाने गेला. त्याला नदीवर न्यायला माणसं मिळेनात. शेवटी डेपोतले तिघे आणि अर्जुनराव. कौशल्याबाईंनी मला हे सांगितलं तेव्हा अर्जुनराव ओट्यावर बसून होते.

“मी पिंपरीचा, हे मी म्हणून काय उपयोग?” ते म्हणाले. “गावानं म्हणायला पाहिजे.”

दरवर्षी काल्याला कौशल्याबाई भाकरी करून ठेवत. गाडी थांबत नसे. मग त्याच भाकरी ते दोघं दोन दिवस खात.

माझ्या दुसऱ्या वर्षी गोष्ट बदलली. चावडीवर ठरलं की यंदा चाळीतली एक चूल घ्यायची, अर्जुनरावांची. कोंडाजी हे सप्ताहाचे कारभारी, गावातले सर्वांत वयस्क. ते स्वतः गाडीबरोबर येणार होते. निरोप आला तेव्हा कौशल्याबाई लेकीच्या बाळंतपणाला बार्शीला होत्या. अर्जुनराव शेजारच्या शालनबाईंच्या खानावळीत जेवत होते.

“बोलावून घ्या त्यांना,” मी म्हणालो.

“बाळंतीण सोडून? भाकरीसाठी?”

“मग?”

“भाकरीच पाहिजेत ना. शालनबाई देतील.”

शालनबाई पौडाकडच्या. नवरा गेल्यावर इथे आल्या. दिवसभर बाजरीच्या भाकरी थापायच्या. गावाबद्दल त्यांना ना प्रेम होतं ना तक्रार. अर्जुनरावांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “द्यायला काय, देते की. सांजच्या जेवणाला मग कमी पडल्या तर बोंबलू नका.”

काल्याच्या आदल्या दिवशी अर्जुनरावांनी खोली आवरली. भांडी घासली. सगळ्यांत शेवटी चूल. आतली राख त्यांनी खरवडून काढली, बाहेर नेऊन टाकली. मग शेणाने आणि पांढऱ्या मातीने चूल सारवली. कडेने बोटाने रेघ ओढली. चूल इतकी स्वच्छ मी कधी पाहिली नव्हती.

सकाळी गाडी आली. भैरू बैल हाकत होता. मागे चार-सहा माणसं. गाडी चाळीपुढे थांबली. अर्जुनराव टोपी घालून दारात उभे होते. आत फडक्याखाली भाकरीची चळत.

कोंडाजी वाकून आत आले. भाकरीकडे त्यांनी पाहिलंही नाही. चुलीपुढे उकिडवे बसले आणि हात आत घातला. तो तसाच बाहेर काढला.

“राख कुठाय?”

“सारवलंय, बाबा,” अर्जुनराव म्हणाले. “तुम्ही येणार म्हणून.”

“नव्या चुलीचा अंगारा लावत्यात गाडीला. तवा ती चूल गावची व्हती. ठावं न्हाई?”

ठाऊक नव्हतं. गाडी आतापर्यंत फक्त रस्त्यावरून जाताना त्यांनी पाहिली होती.

भैरू दारातून डोकावला. “ही चूल हाय का देव्हारा? फुलं तेवढी वाहायची ऱ्हायली.”

मागची माणसं हसली. कोंडाजी हसले नाहीत. त्यांनी चुलीवर तळवा ठेवला. सारवण गार होतं.

“मालकीन?”

“बार्शीला. लेकीकडे.”

“मग ह्या भाकरी कुठल्या चुलीच्या?”

मी अर्जुनरावांच्या मागे उभा होतो. मीच काल केल्या आणि मग चूल सारवली, असं ते सहज म्हणू शकले असते. पटलंही असतं. पुढच्या वर्षी येतो, असं तरी कोंडाजी म्हणाले असते.

“शालनबाईंच्या,” अर्जुनराव म्हणाले. “शेजारच्या.”

कोंडाजी उठले. गुडघ्यावर हात ठेवून क्षणभर थांबले, मग शेजारी गेले. शालनबाई चुलीपुढे होत्या. कोपरापर्यंत पीठ.

“आता काय? भाकरी न्हेल्या न्हवं कवाच्या?”

“राख दे, बाई.”

“राख? भांडी घासायला?” पण त्यांनी चुलीतून चिमूटभर राख काढली आणि कोंडाजींच्या तळव्यावर ठेवली. कोंडाजींनी बाहेर येऊन ती गाडीच्या जुवाला लावली, बैलांच्या कपाळाला लावली. अर्जुनरावांच्या घरातली चळत भैरूने उचलून टोपल्यात टाकली.

“शालनबाईची चूल,” कोंडाजी म्हणाले. सगळ्यांनी ऐकलं.

अर्जुनराव दारात तसेच उभे होते.

“चुलीतर्फे मानूस पाठव बाई,” कोंडाजी म्हणाले. “वाढायला.”

“मानूस कुठनं आनू? माझी गिऱ्हाइकं जेवायची हायत.” मग त्यांचं लक्ष अर्जुनरावांकडे गेलं. “ह्यास्नी न्या की. सकाळ-सांज माझ्याच चुलीवर जेवत्यात.”

“व्हय का हो?” भैरूने विचारलं. “कौशल्यावैनींना इचारलंय का?”

पुन्हा हसू. कोंडाजी अर्जुनरावांकडे बघत राहिले. हो किंवा नाही, काहीही चालेल असं.

मला वाटलं, ते आत जातील आणि दार लावतील. मी त्यांच्या जागी असतो तर तेच केलं असतं. त्यांनी टोपी सारखी केली, ओटा उतरले आणि गाडीमागून चालू लागले. मीही निघालो, जरा अंतर ठेवून.

देवळापुढे कढई उकळत होती. वर तेलाचा लाल तवंग. भाकरीचे ढीग फडक्यावर ओतले होते. पहिल्या पंगती गावाच्या, शेवटची बाहेरच्यांची. मी शेवटच्या पंगतीची वाट पाहत भिंतीला टेकलो. भैरू एकेका चुलीचं नाव पुकारत होता. त्या चुलीचा माणूस ‘हाय’ म्हणे, पुढे होई आणि बादली घेई.

नवी चूल सर्वांत शेवटी आली.

“शालनबाईची चूल.”

माणसं वळली. विधवा बाईच्या चुलीला कोण उठतंय हे बघायचं होतं. कुणीतरी खाकरलं. मी खाली पाहिलं.

“हाय,” अर्जुनराव म्हणाले.

आवाज त्यांचाच होता, दिव्याचा खांब दाखवतानाचा. त्यांनी पुढे होऊन बादली उचलली. एकाने विचारलं, “पाव्हनं, वैनी आल्यावर काय सांगनार?”

“आमटी वाढू का आधी भाकरी?” ते म्हणाले.

तो माणूस पत्रावळ सरळ करू लागला.

त्यांनी सगळ्या पंगतींना वाढलं. सदऱ्यावर डाग पडले. कोंडाजींनी दुसऱ्यांदा आमटी मागितली ती त्यांच्याकडूनच. नुसता द्रोण पुढे केला. शेवटच्या पंगतीत छावणीतले काही, कारखान्यातले काही आणि मी बसलो. अर्जुनराव ओळीने येत माझ्यापाशी पोचले. माझ्या द्रोणात आमटी ओतली. मी मान वर केली.

“पाहुणे,” ते मला म्हणाले, “सावकाश होऊ द्या.”

आणि पुढच्या पानाकडे गेले.