पिवळा पट्टा

मुलांनो, "माहीत नाही" हे शब्द तुमच्या आजोबांच्या एका मित्राइतक्या अभिमानाने उच्चारणारा माणूस अख्ख्या नांदेडात दुसरा झाला नसेल. बिलोलीकडचे, भूजल खात्यातून निवृत्त झालेले. कुणाच्याही घरी पाण्याचा पेला पुढे आला की आधी विचारत, "बोअरचं का नळाचं?" मग संडासाची टाकी कुठे आहे ते विचारून पावलांनी अंतर मोजायला अंगणात उतरत. लातूरला एका लग्नात भरल्या पंगतीतून उठून ते विहिरीत वाकून बघत राहिले. वधूपिता हात जोडून मागे उभा. पिशवीत नमुन्याच्या बाटल्या आणि रंगाचे तीन डबे कायम. चांगल्या बोअरला हिरवा पट्टा, वाईटाला लाल.

आमच्या बोअरला त्यांनी पिवळा ओढला.

"म्हणजे काय हो, भाऊजी?"

"म्हणजे माहीत न्हाई, वहिनी. टाकी लई जवळ हाय, पण खाली खडक कसा फुटलाय ते कुणाला दिसतंय? नमुना दिलाय. तवर उकळूनच प्या."

"इतकी वर्षं नोकरी करून एवढंच कळलं?"

"हाव. एवढं कळायलाच इतकी वर्षं लागली."

मी हसले. मला सगळं हो किंवा नाही असं लागतं. शिवाय महालक्ष्म्यांना बायका यायच्या होत्या, आणि अंगणात तो पट्टा! मी तो घासून काढायला लावला. आमच्या स्वयंपाकघरात फिल्टर होता. पण आमच्याकडे काम करणारी सुमन रोज घरी जाताना त्याच बोअरची घागर नेई. तिने विचारलंही, "आजी, तो पिवळा पट्टा कशाचा होता वो?"

"काही नाही गं, त्यांची सवय," मी म्हटलं.

महिन्याभराने तिच्या मुलीला कावीळ झाली. पाठोपाठ नमुन्याचा निकाल आला: पाणी दूषित. मी भाऊजींना सगळं सांगितलं. वाटलं, आता चिडतील. ते बाटलीचं बूच घट्ट करत म्हणाले,

"पोरीनं शाळेतबी पाणी पिलं असंल, वहिनी. तुमच्याच बोअरनं झालं, असं मी लिहून देणार न्हाई. माहीत न्हाई."

ज्या शब्दांना मी हसले होते, तेच त्यांनी माझ्या ओंजळीत ठेवले.

मुलगी बरी झाली. भाऊजी गेल्या वर्षी गेले. बोअरवरचा लाल पट्टा मीच ओढलाय, वाकडा. सुमन आता फिल्टरखाली घागर लावते. ती भरायला फार वेळ लागतो. तेवढ्या वेळात पिवळ्याचा अर्थ तिला सहज सांगता येईल. मी रोज ओटा पुसत राहते.