रुमालाचं दुसरं टोक

उस्मान मास्तर फळ्यावर लिहीत, तेव्हा त्यांच्या डाव्या हातात एका लांब रुमालाचं टोक असे. दुसरं टोक माझ्या सोपानच्या मुठीत. पोराला कुणी अंगाला हात लावलेला खपत नसे. लावला की चावे, भिंतीवर डोकं आपटून घेई, नाहीतर दाराबाहेर पळत सुटे. आधीच्या मास्तरांनी त्याला खांबाला बांधलं होतं. उस्मान मास्तरांनी नुसता रुमाल पुढे केला आणि कितीतरी दिवस वाट पाहिली. एक दिवस पोरानं टोक धरलं. अक्षर एकही आलं नाही, पण तो वर्गात बसू लागला.

मी गुरांचा दलाल. एका शेळीवर धंदा सुरू करून उंद्रीच्या बाजारात नाव कमावलं. आमच्यात भाव तोंडानं बोलत नाहीत, रुमालाखाली बोटं दाबून ठरवतात. वाट पाहणं मला जमत नाही.

"साल गेलं मास्तर, अजून 'ग' येत नाही याले!" मी ओरडायचो.

"बसू लागला ना? बाकी येईन. घाई काऊन करता, पाटील?"

मी पाटील नव्हतो. मास्तर शेळ्या राखणाऱ्यालाही पाटीलच म्हणत.

मग शाळा तपासायला डिप्टी आले. रुमाल पाहून म्हणाले, "ही शाळा आहे की गोठा?" या पोरापासून इतरांना धोका नाही अशी डॉक्टरची चिठ्ठी आणा, नाहीतर नाव काढा, असा हुकूम झाला. मास्तर रजा टाकून आमच्या बैलगाडीत बसले.

वाटेत मी बजावलं, "मास्तर, तिथं तोंड नोका उघडू. गिऱ्हाइकानं इचारल्याबिगर बैलाची खोड कोनी सांगते का?"

"डॉक्टर गिऱ्हाईक नाही, पाटील. त्याले खोड नाही सांगतली, तं दवा कशाची देईन?"

"आपल्याले दवा नाही, चिठ्ठी पाह्यजे."

"मले दोन्ही पाह्यजे," ते म्हणाले.

नशीब बघा, त्या दिवशी दवाखान्यात सोपान रुमाल धरून अगदी गाईसारखा बसला. डॉक्टरांनी जीभ पाहिली, डोळे पाहिले आणि कागद पुढे ओढला. माझ्या हिशेबी सौदा झालाच होता. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "शाळेत असाच बसतो ना?"

मी "हो" म्हणालो.

मास्तर म्हणाले, "रोज नाही, साहेब." आणि सगळं सांगितलं. चावणं, डोकं आपटणं, एका पोराच्या कपाळाला लागलेली पाटी. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. शेवटी विचारलं, "याच्यावर काही दवा असन ना, साहेब?"

डॉक्टरांनी कागद बाजूला सारला. "याला औषध नाही. मोठा झाला की नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवा. चिठ्ठी मी देणार नाही."

परतताना मी मास्तरांना नाही नाही ते बोललो. "माह्या पोराचं वाटोळं केलं तुमी!" बरीच वाट मागे पडल्यावर मास्तर एवढंच म्हणाले, "मले वाटलं, डॉक्टरपाशी दवा असन."

नाव निघालं. मास्तर रोज शाळा भरायच्या आधी आमच्या ओसरीवर येऊन रुमाल धरून बसू लागले. मी त्यांच्याशी बोलत नव्हतो. बायको चहा देई. मग त्यांची बदली दुसरबीडला झाली. जाताना रुमाल ओसरीवरच ठेवला. "ओढू नोका, पाटील. फक्त धरून ठेवा."

पुढे दुसरबीडच्या एका व्यापाऱ्यानं भर बाजारात सांगितलं, मास्तर तापानं गेले. माझी बोटं तेव्हा त्याच्याच रुमालाखाली होती. ती मी काढून घेतली. त्या दिवशी बैल विकला नाही. तरी मी अजून म्हणतो, दवाखान्यात एका 'हो'चं काम होतं. माणसानं तेवढंही बोलू नये?

सोपानला आता मिसरूड फुटलं आहे. रुमालाचं एक टोक धरून तो ओसरीच्या खांबाशी बसतो. दुसरं जमिनीवर पडलेलं असतं. मी ते उचललं, की तो आपलं टोक सोडून देतो.