आतून न उघडणारा दरवाजा

"मॅडम, सत्ताईस-झीरो-फोर में कोई है. दरवाजा नहीं खोल रही!" वॉकीटॉकीवर आमचा फायर वॉर्डन बहादूर ओरडत होता.

"पूछो, क्यों नहीं खोल रही?"

"रो रही है, मॅडम. आपकी मराठी में कुछ बोल रही है."

सकाळचे साडेअकरा वाजले होते. दुबई मरीनातल्या एका चाळीस मजली टॉवरची मी फॅसिलिटी मॅनेजर. म्हणजे लिफ्ट, पाणी, एसी, आग, सगळं माझ्याकडे. सत्ताविसाव्या मजल्यावर एसीची मोटर जळाली होती. ज्वाळा नव्हत्या, पण कॉरिडॉर धुरानं भरला होता. रहिवासी जिन्यानं उतरून खाली पोडियमवर, म्हणजे टॉवरच्या पायथ्याच्या मोकळ्या गच्चीवर, जमले होते. आगीत लिफ्ट बंद ठेवतात. मी विसाव्या मजल्यावरच्या टेक्निकल रूममध्ये होते, तिथून सात मजले चढून गेले.

दाराला तोंड लावून म्हटलं, "बाई, घाबरू नका. मी मराठीच आहे. दार उघडा."

"कशी उघडू वं बाई? मले चावी देत नाहीत. बाहेरून लावून गेले."

इथे थोडं समजावून सांगायला हवं. टॉवरमधल्या फ्लॅटचं मुख्य दार साधं नसतं. ते फायर डोअर असतं, आग बराच वेळ थोपवतं. त्याच्या आतल्या बाजूला चावीचं भोक ठेवायचं नसतं. तिथे फिरवायची एक घुंडी असते. धुरात, अंधारात माणसाला चावी शोधावी लागू नये, एवढा साधा विचार त्यामागे आहे. या दाराची घुंडी कोणीतरी काढून टाकली होती. तिथे दोन्हीकडून चावी लागणारं सिलिंडर, म्हणजे कुलपाचा चावी फिरणारा गाभा, बसवलं होतं. त्यामुळे आमची मास्टर की फिरेना.

"बाल्कनीत जा," मी म्हटलं.

"तिलेबी कुलूप हाय."

"मग चादर ओली करा आणि दाराच्या फटीत कोंबा. आणि माझ्याशी बोलत राहा. नाव काय तुमचं?"

"सुनंदा."

टेक्निशियन इक्बालनं ड्रिल लावून सिलिंडर फोडलं. नऊ मिनिटं लागली. रिपोर्टमध्ये वेळ लिहावी लागते, म्हणून मी घड्याळ पाहत होते. त्या नऊ मिनिटांत सुनंदाबाई अकोल्याच्या आहेत, तिथे दवाखान्यात आया होत्या आणि चौदा महिन्यांत या दाराबाहेर एकट्या कधीच पडलेल्या नाहीत, एवढं मला कळलं.

दार उघडलं. चाळिशीची बाई, खोकून डोळे लाल झालेले. तिचं पहिलं वाक्य होतं, "दरवाजा तुटला. आता आमच्या मॅडम काय म्हणतील?"

आणि तेव्हा मी तिला ओळखलं. मी या घरात हळदीकुंकवाला आले होते. हिनंच मला मसाला दूध दिलं होतं. मी पेला घेतला होता, तिच्याकडे पाहिलं नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे, आमच्या तपासणीच्या कागदावर या फ्लॅटसमोर तीनदा 'रहिवासी उपलब्ध नाही' असा शेरा होता. खाली सही माझी.

तासाभरात फ्लॅटचे मालक देवधर ऑफिसमधून आले. पुण्याचे, एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरती तेच सांगतात.

"माझं दार कोणी तोडलं?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"आत माणूस होतं, देवधर."

"अहो, तिच्या सेफ्टीसाठीच लॉक लावतो. तिला इथलं काही कळत नाही. कुठे गेली-बिली तर जबाबदारी कोणाची? घरच्यासारखी आहे ती आमच्या."

"घरच्यांकडे चावी असते."

"तुम्ही उगाच इमोशनल होताय."

"तिचा पासपोर्ट कुठे आहे?"

"आमच्या लॉकरमध्ये. अगदी सेफ."

शाळेत इतिहासाच्या पेपरात 'गुलामीची प्रथा कायद्याने बंद झाली' असं लिहून मी मार्क मिळवले होते. बंद झाली म्हणजे बाजार उठला, साखळ्या गेल्या, असं मला वाटायचं. इथे साखळी लागलीच नव्हती. पंचेचाळीस दिरहमचं सिलिंडर पुरलं होतं. म्हणजे हजारेक रुपये.

दुपारी आमचे रीजनल हेड थॉमस साहेब आले. इन्सिडेंट रिपोर्ट संध्याकाळपर्यंत जायचा होता. त्यांनी माझा मसुदा वाचला आणि चष्मा काढला.

"ये क्या लिखा है? 'महिला को बंद रखा था'? लिखो, लॉक मालफंक्शन. खलास."

"सर, लॉक अगदी नीट चालत होतं. तेच तर दुखणं आहे."

"देवधर ओनर्स कमिटी में है. और ये औरत हमारे रजिस्टर में है ही नहीं."

"तो फिर मैंने बाहर किसको निकाला?"

थॉमस साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी माझ्या आजारपणात दोन महिने माझी जागा राखली होती. म्हणूनच मला जास्त चीड आली. चांगली माणसं एक शब्द बदला म्हणतात आणि एक बाई कागदावरून पुसली जाते.

मी सुनंदाबाईंना माझ्या केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला आणि विचारलं, "तुमच्या शब्दांत सांगाल? मी तसंच लिहीन."

त्यांनी कप बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "लिहा. मले कोंडून ठेवत. घरी फोन आठवड्यातून एकदा, तोबी मॅडमसमोर, स्पीकरवर. म्या परत जातो म्हटलं, तर म्हणाले, आधी दुसरी बाई येऊ दे. मारलं नाही. तेबी लिहा. खोटं नको."

मी मराठीत तसंच लिहिलं, खाली इंग्रजी भाषांतर जोडलं. वाचून दाखवलं. एका ठिकाणी मी 'ठेवले होते' लिहिलं होतं. त्यांनी थांबवलं.

"'कोंडून' राह्यलं ना, बाई."

मी 'कोंडून' लिहिलं. त्यांनी सही केली. मी थॉमस साहेबांना सांगितलं, शब्द बदलायचा असेल तर तुमच्या सहीनं बदला. त्यांनी कागद परत माझ्याकडे सरकवला. मीच पाठवला. एक प्रत सिव्हिल डिफेन्सला, म्हणजे इथल्या अग्निशमन खात्याला, एक पोलिसांना. भारतीय कॉन्सुलेटला मी स्वतः फोन केला.

दुसऱ्या दिवशी सिव्हिल डिफेन्सचे इन्स्पेक्टर आले. त्यांनी दार पाहिलं, फोटो काढले, दंड लावला. दंड दाराचा होता. माणसाचं काम पोलिसांनी केलं. त्यांच्यासमोर देवधरांनी लॉकर उघडला आणि पासपोर्ट सुनंदाबाईंच्या हातात आला. त्या काही आठवडे महिलांच्या शेल्टरमध्ये राहिल्या आणि मग अकोल्याला गेल्या. आता पुन्हा दवाखान्यात काम करतात. मध्ये एकदा त्यांनी फोन केला. कोणीही समोर बसलेलं नसताना फोन करता येतो, याचंच त्यांना इतकं अप्रूप होतं की बोलायचं काय ते विसरल्या.

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र 'बिचारे देवधर' असंच लिहून येत होतं. हल्ली कामाच्या बायका किती चलाख झाल्यात, आपण मराठी माणसानं मराठी माणसाला असं अडकवावं का, वगैरे. मराठी माणूस म्हणजे फक्त देवधर. सुनंदाबाई त्यात कोणी मोजल्याच नाहीत. मी तसं ग्रुपवर लिहिलं. त्यानंतर मला हळदीकुंकवाचं बोलावणं आलेलं नाही.

चार महिन्यांनी कंपनीनं माझी बदली दुबईपासून तासाभरावरच्या रास अल खैमाला केली. कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. इथे व्हिला आहेत. तपासणीला मी स्वतः जाते. घरात शिरते, बाहेरून कुलूप लावायला सांगते आणि चावी न मागता आतून उघडून बघते. पाच सेकंदांचं काम. चेकलिस्टमध्ये त्यासाठी रकाना नव्हता, मी घालून घेतला.

आतापर्यंत चार दारं उघडली नाहीत.