विहिरीच्या तळाशी ऊन

तिगावच्या रस्त्याला आमची संत्र्याची बाग आहे. तिथली विहीर खणली तेव्हा आई नवी सून होती. मुरमाच्या टोपल्या तिनंही वाहिल्या. बोअर झाल्यापासून विहिरीचा उपसा नाही. झरा बुजला, नुसतं पाणी साचलंय, असं म्हणून मोठ्या भावानं ती भरून टाकायला मशीन सांगितलं. आई त्या दिवशी जेवली नाही.

मी तेव्हा एका प्राचीन ग्रीक गणितज्ञाबद्दल वाचत होतो. मोठं ग्रंथालय सांभाळणारा माणूस; मूळ संख्या चाळून काढायची रीत त्याचीच. दूर दक्षिणेच्या एका गावी वर्षातल्या एका दुपारी ऊन थेट विहिरीच्या तळाला लागतं, हे त्याच्या कानावर आलं. त्याच दुपारी त्याच्या शहरात मात्र काठीला सावली पडायची. त्या सावलीचा कोन आणि दोन गावांमधलं अंतर, एवढ्यावर त्यानं पृथ्वीचा घेर काढला.

आम्ही कर्कवृत्ताच्या दक्षिणेलाच; इथंही सूर्य कधीतरी थेट डोक्यावर येतोच. म्हणजे आमच्या विहिरीतही हे व्हायला हवं. हिशोबानं तो दिवस नवतप्यात, मे अखेरच्या भाजणाऱ्या दिवसांत येत होता. मशीन त्याच्या दुसऱ्या दिवशी यायचं होतं.

त्या दुपारी भाऊ मशीनसाठी वाट मोकळी करायला आला, आई त्याच्या मागोमाग.

"भर दुपारी विहिरीत नाही डोकावत बाप्पा," ती मला म्हणाली.

बारा वाजले. पूर्वेच्या भिंतीखाली पाण्यावर हातभर सावली होतीच.

"वाजले तुह्या ग्रीकाचे बारा," भाऊ म्हणाला. "कायले डोकं तापवून राहिला?"

तेव्हा चूक लक्षात आली. घड्याळ साऱ्या देशाचं, आमच्या गावाचं नाही. आमच्याकडे सूर्य डोक्यावर यायला आणखी जवळजवळ पाव तास लागतो.

"थांब न भाऊ. घड्याळाचे वाजले, सूर्याचे वाजाचे हायेत."

सावली बारीक होत मिटली. एरवी काळं दिसणारं पाणी तळापर्यंत हिरवट उजळलं. आईनं पदर डोक्यावर घेतला आणि वाकली.

"थे पाह्य. वाळू हालून राहिली."

एका कपारीशी बारीक वाळू उकळल्यासारखी वर येत होती. भाऊही वाकला. "झरा चालू हाय," तो म्हणाला. मग त्यानं फोन काढला. "उद्या मशीन आणू नका. नाही, परवा बी नको."

"डोकावू नको म्हणे, अन् तूच डोकावली," मी आईला म्हणालो.

"माही विहीर हाय. मी पाहीन."

त्या ग्रीकानं ती विहीर स्वतः पाहिल्याचं मला कुठं वाचायला मिळालं नाही. तिथंही भर दुपारी आधी कोणी डोकावलं असेल?