सोमाजींचे ठोकळे

तुमसर रोडला पॅसेंजरमधून उतरलो तेव्हा फलाटावर राईस मिलच्या कोंड्याचा वास भरून राहिला होता. आणीबाणी उठली त्या वर्षीचा हिवाळा; शेतांत धानाची कापणी चालली होती. पुढे चिखल्याला, खाणीच्या गावी, एका मालट्रकमधून गेलो. खाण जवळ येत गेली तसा धुरळा काळा होत गेला. पानं, कौलं, माणसांच्या भुवया, सगळ्यांवर मँगनीज. मी गॅरेजवाला, काळ्या हातांचं मला कौतुक नाही. तरी त्या गावात शिरताना मन खट्टू झालं.

काम तसंच होतं. एका खाजगी ठेकेदाराची जीप खाणवस्तीतल्या एका आजारी बाईला तुमसरच्या दवाखान्यात नेताना रस्ता सोडून बोडीत (लहान तलावात) गेली. बाई बुडून मेली. ड्रायव्हर शालिक मोडका पाय घेऊन घरी पडला होता, आणि तो प्यायला होता असं गाव म्हणत होतं. ते ठरलं तर तुरुंग नक्की. फौजदारानं जाणकाराचं मत मागवलं, म्हणून ठेकेदारानं मला नागपूरहून बोलावलं होतं.

"तपासाचं काय आहे त्याच्यात?" ठेकेदार म्हणाला. "पिऊन होता तो. गाडी ठीक होती, एवढं सांगून द्या."

"ते गाडीला विचारून सांगतो," मी म्हटलं. असली माणसं माझ्या डोक्यात जातात.

गावात खाणावळ नव्हती. शालिकचे वडील सोमाजी मला घरी जेवायला घेऊन गेले. ते वाढई (सुतार). आसपासच्या गावांतल्या रेंग्या (बैलांच्या हलक्या गाड्या) त्यांच्याच हातच्या. नव्या तांदळाचा भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण त्यांनी आग्रहानं वाढलं.

"माह्या पोरानं त्या दिवशी थेंब नाही घेतला जी. तुमी बारीक पाहा. गाडीतच काही तरी निघंल."

शालिक खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. काय झालं म्हणून मी दोनदा विचारलं. त्यानं पांघरूण डोक्यावर ओढलं. मला त्याचा रागच आला.

सकाळी सोमाजी माझ्याबरोबर ठेकेदाराच्या आवारात आले. जीप चिखलानं लडबडलेली, आणि नेहमीच्या जीपपेक्षा चांगलीच उंच. पुढचे टायर पाहिले आणि मला निम्मं उत्तर मिळालं. झीज सारखी नव्हती, खळग्याखळग्यांची होती. म्हणजे वेग घेतला की चाकं थरथरत होती, आणि तेही बरेच दिवस. दारू माणसाला चढते, टायरला नाही. पण थरथर कशानं? जॅक लावून चाक वरखाली हलवलं. बेअरिंग ठीक, चाक ज्यावर वळतं तो किंगपिनही ठीक. सोमाजींना स्टिअरिंग फिरवायला लावून खाली निजलो. दोन्ही चाकं जोडणाऱ्या टायरॉडचे सांधे थोडे ढिले, पण एवढ्यानं गाडी बोडीत जात नाही.

मग स्प्रिंगच्या पाट्यांखालचा चिखल खरवडला. पुढचा आस आणि पाटे यांच्यामध्ये लाकडी ठोकळे बसवले होते. सुबक, तेल पाजलेले, खाच अशी की केस जाऊ नये. त्यातला एक उभा चिरला होता.

"हे कुणी बसवले?"

सोमाजी स्टिअरिंगवरून खाली उतरले. वाकून पाहिलं.

"म्याच बसवले. पावसाळ्यात जीप नाल्यात फसे, पेशंट अडकून राहे. शालिक म्हणला, बाबा, उंच करून दे. चिखलासाठी रेंगी उचलतो, तशीच उचलली."

त्यांचा हिशेब चूक कसा म्हणू? पण रेंगीच्या आसाला ब्रेक नसतो, आणि तिची चाकं वळत नाहीत, बैल वळतात. इथे दर ब्रेकला आस पिळला जाई, ठोकळा कलंडे, चाकांचा कल बिघडे आणि ती फडफडत. त्या दिवशी ठोकळा चिरला आणि स्टिअरिंग हातात राहिलंच नाही. मी हे सांगितलं तेव्हा सोमाजींनी ठोकळ्याच्या चिरेवरून अंगठा फिरवला.

घरी आलो. आमचे चेहरे पाहूनच शालिक उठून बसला. "साहेब, म्या पिलो होतो. तसंच सांगा."

आता कळलं, तो भिंतीकडे तोंड का करून होता.

"खोटं कायले बोलून राहिला?" सोमाजी ओरडले. मग माझ्याकडे वळून हळू म्हणाले, "खरं तेच सांगा जी. ठोकळे माहे होते."

मी खरं तेच सांगितलं. ठेकेदारानं लगेच पवित्रा बदलला. आता सारा दोष म्हाताऱ्याचा. वर्षभर त्याच उंच जीपमधून हा ठेकेदार स्वतः मिरवला! चोर सोडून संन्याशाला फाशी. हेही मी फौजदाराला ऐकवलं. त्यानं सोमाजींना दुसऱ्या दिवशी चौकीवर बोलावलं.

तरी मला स्टेशनवर सोडायला सोमाजीच आले, आपली रेंगी जुंपून. वाटेत ती बोडी लागली. त्यांनी तिकडे पाहिलं नाही, मी पाहिलं. आजवर दोष सापडला की मला हलकं वाटे. त्या दिवशी वाटलं, सापडला नसता तर बरं झालं असतं. रस्ता खाचखळग्यांचा होता. खाली आसावर तसेच दोन ठोकळे होते, त्याच हातचे. स्टेशनपर्यंत रेंगी एकदाही डगमगली नाही.