कानशीनं घासलेली नखं

नखांच्या कामाला पाणी लागत नाही, एवढ्या एकाच कारणासाठी मी ते शिकले. शिरूर कासारला माझं पार्लर आहे. दुष्काळ पडला तेव्हा केस धुणं परवडेना आणि फेशियल तर नाहीच नाही. बाया घरून बाटलीत पाणी घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "ताई, एवढ्यात भागवा." एवढ्यात साबणसुद्धा निघत नाही. मग मी नगरला जाऊन नखांचा छोटा कोर्स केला आणि जेल वाळवायचा एक दिवा विकत आणला. जेल म्हणजे नखावर द्यायचा चिकट लेप. दिव्याखाली धरला की तो काचेसारखा कडक होतो.

सुरुवातीला पुढाऱ्यांच्या सुना आल्या, मग लग्नाच्या मुली. सगळ्यांना लांब आणि लाल पाहिजे. मी लावून द्यायची. खालचं नख कसं आहे हे मी बघतही नव्हते. भिंत रंगवणारा भिंतीची चौकशी करत नाही, तसं.

ज्येष्ठ सरत आला होता, आभाळ कोरडंठाक होतं. एका दुपारी समोरच्या साडीच्या दुकानातली बाई दारात येऊन उभी राहिली. ते दुकान बायकांच्या सहकारी संस्थेचं. ही तिथं नवीनच लागली होती, तिशीच्या आतली. दोन्ही हात तिनं पदराखाली धरले होते.

"ताई, नखं लावता म्हणं तुमी?"

"लावते. लग्न कुणाचं आहे?"

"लग्न न्हाई. नोकरी हाय."

मी तिला बसवलं. ती आणि तिचा नवरा दरवर्षी ऊसतोडीला जायचे, साखर कारखान्यांच्या भागात. उन्हाळ्यात परत आल्यावर तिनं संस्थेच्या बायकांना गळ घातली आणि तिला दुकानात घेतलं. गिऱ्हाईक सांभाळायला ती चांगली होती. पण साडी उलगडून पसरली की तिचं नख सुतात अडकायचं. दोन साड्यांचे धागे ओढले गेले होते. तेव्हा संस्थेच्या अध्यक्षबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "तू साड्या विकायलीस का पिंजायलीस?" दसऱ्यापर्यंत हात सुधारले नाहीत तर दुसरी बाई बघणार, असंही सांगून टाकलं होतं.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय, पुन्हा कोयता. मी गेले की पोरगी बी संगं येती. तिची साळा सुटती. ह्या साली मी न्हाई गेले तर हे एकलेच जातील, अर्धा कोयता म्हणून. तसं म्हणलेत ते."

तोडीच्या हिशोबात नवराबायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस अर्धा.

"हात दाखव."

तिनं हात टेबलावर ठेवले. उसाच्या पाल्यानं बोटांच्या कडा चिरल्या होत्या. डाव्या अंगठ्याचं नख उभं फाटलं होतं. बाकीच्यांचे पापुद्रे सुटलेले. हे मला अपेक्षित होतं. पण नखांवर आडवेतिडवे बारीक ओरखडे होते आणि नखं इतकी पातळ झाली होती की खालचं मांस जवळजवळ उघडं वाटत होतं.

"हे कशानं केलंस?"

"घासलं. गुळगुळीत व्हावं म्हणून."

"कशानं घासलंस?"

तिनं बोटं आत मिटली. मग म्हणाली, "कानशीनं."

"कसल्या कानशीनं?"

"कोयत्याच्या."

मला हसू आलं. तीही हसली. म्हणाली, "कावून हसता? कोयत्याला लावली की पातं कसं साफ निघतं. म्हणलं, नख बी निघंल." तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. घरात धार लावायची एकच वस्तू, ती हातात बसलेली. फक्त पोलाद आणि नख यांत फरक आहे, तो तिला कुणी सांगितला नव्हता.

अशा नखाला मी नेहमीसारखी घासणी लावू शकत नव्हते. नुसतं पुसायचं आणि लेप द्यायचा, एवढंच शक्य होतं. पुसताना मी प्रत्येक नख भिंगाखाली धरलं, आणि तेव्हा ती रेघ दिसली.

नखाच्या अर्ध्याच्या जरा वर एक आडवी खाच. मला वाटलं, कोयता लागला असेल. दुसरं बोट धरलं, तिथंही तीच. मग सगळी बोटं बघितली. दहाच्या दहा नखांवर त्याच उंचीवर तीच खाच होती, जणू कुणी दोरी ताणून आखली असावी. कोर्समध्ये आमच्या बाईंनी हे सांगितलं होतं, मी तेव्हा अर्धवट ऐकलं होतं. मोठं दुखणं आलं की शरीर नख बनवायचं थांबवतं. दुखणं सरलं की पुन्हा सुरू करतं. मध्ये खाच राहते.

नख महिन्याला साधारण किती सरकतं ते मला माहीत होतं. मनात अंदाज केला.

"होळीच्या आसपास आजारी होतीस का गं?"

तिनं हात ओढून घेतला. "कुणी सांगितलं?"

"तुझ्या नखांनी."

"चेष्टा करू नका, ताई."

"बघ इथं." मी भिंग तिच्याकडे सरकवलं. ती कितीतरी वेळ बघत राहिली.

"ताप आलता," ती हळू म्हणाली. "लई. खोपीत पडून व्हते, ह्यांच्याशिवाय कुणाला ठाव न्हाई. आईला बी न्हाई सांगितलं." आणि मग, "दाही बोटांला कसं कळलं?"

मी देवधर्मात फार पडत नाही, पण त्या दुपारी माझ्या अंगावर काटा आला. आईपासून लपवलेलं दुखणं तिच्या हातांनी एका रेषेत लिहून ठेवलं होतं. अन् मी इतके दिवस खालचं न बघता लाल रंग फासत होते.

पण काम काम आहे. मी पहिला लेप दिला आणि सांगितलं, "दिव्यात जरा गरम लागेल. आग झाली तर लगेच हात बाहेर काढायचा." नख पातळ असलं की दिव्यातला लेप फार भाजतो. तिनं हात आत घातला. चेहरा हलला नाही. मी पुढचं सामान मांडत होते. सहज वर पाहिलं तर तिच्या डोळ्यांत पाणी.

"भाजतंय का?"

"भाजतंय की."

"मग हात काढला का नाहीस?"

"दिवा चालू हाय ना अजून."

मी तिचा हात खेचून काढला. "हे उसाच्या फडावरचं काम नाही, बाई! इथं सोसलंस तर नुकसान तुझंच. भाजलं की काढायचा. सांगायचं, ओरडायचं."

"ओरडू?"

"ओरड."

पुढच्या बोटाला ती खरंच ओरडली, रस्त्यावरचा माणूस थांबला एवढ्यानं. मग आम्ही दोघी हसत सुटलो. मी लेप अगदी पातळ केले, हात क्षणभर आत, पुन्हा बाहेर, असं करत दहा बोटं पुरी केली. लांबी दिली नाही, रंग दिला नाही.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षबाई दारात. "ओ ताई, आमच्या बाईला कावून नटवायलाव?"

"नटवलं कुठं? लिंपलंय नुसतं. भिंत पडू नये म्हणून."

"मला तर काईच दिसंना."

"दिसू नये असंच केलंय."

त्या बघून गेल्या. धागे ओढले जायचे थांबले होते, त्यामुळे काही बोलल्या नाहीत. पण भारीच्या रेशमी साड्यांना त्यांनी तिला हात लावू दिला नाही. त्या कपाटाला कुलूप असायचं.

ती दर काही आठवड्यांनी येत राहिली. नख वाढलं की मुळाशी मोकळी पट्टी उरते, ती भरून द्यावी लागते. आषाढ गेला, श्रावणही कोरडा गेला. पेरलेलं उगवलं नाही, विहिरी तळाला गेल्या, जनावरं छावणीत. आणि इथं माझ्या टेबलावर, भिंगाखाली, प्रत्येक खेपेला थोडं नवं नख आलेलं असायचं. गुलाबी आणि जाड, त्यावर ओरखडा नाही. ती खाच पुढं पुढं सरकत टोकाकडं चालली होती. मला सवयच लागली, ती आली की आधी खाच कुठवर गेली ते बघायची. यात माझं काही कर्तृत्व नव्हतं. मी वरून झाकण घातलं होतं. खालचं काम कोण करत होतं, ते त्याचं त्याला ठाऊक.

दसरा झाला. ऊसतोडीच्या टोळ्यांचे ट्रक भरू लागले. ती दुकान उघडायच्या आधीच आली आणि म्हणाली, "ताई, समदं काढा."

"का? चांगलं टिकलंय."

"मुकादमाला आज सांगायचं हाय, येते का न्हाई. तुमच्या लेपावर किती दिस ऱ्हाऊ? खालचं खरं काय हाय ते बघू द्या. न्हाई जमलं तर जाते मी."

लेप सुटायच्या औषधात भिजवलेला कापूस मी तिच्या बोटांना गुंडाळला. मग मी लेप खरवडला. खाच राहिली नव्हती. टोकाला एक पातळ कड तेवढी होती, ती कापून टाकली. दहा उघडी नखं, तिची स्वतःची. तिनं अंगठा गालावरून फिरवला आणि दुकानात गेली.

मीही मागून गेले. अध्यक्षबाई गल्ल्यावर होत्या. म्हटलं, "भारीतली रेशमी दाखवा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, तिच्या हातांकडं बघितलं. कपाट उघडून एक जांभळी साडी काढली आणि तिच्यापुढं ठेवली. "दाखव ह्यान्ला."

तिनं घडी मोडली. साडी गादीवर पसरली आणि तळहात, बोटं, सगळं टेकवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवत नेला. रेशमावरून हात गेल्याची बारीक सळसळ तेवढी होती. मग तिनं पदर उलटा केला आणि मुद्दाम नखं टेकवून परत आणला. एक धागा हलला नाही.

अध्यक्षबाई वाकून बघत होत्या. त्या सरळ झाल्या. "घडी नीट घाल," एवढं म्हणून चहा सांगायला बाहेर गेल्या. कपाट उघडंच होतं.

"घ्यायची का, ताई?" तिनं विचारलं.

मला साडी घ्यायची नव्हती. म्हटलं, "कपाटातली ती हिरवी दाखव."