पुढचं डावं चाक

आमच्या गाळ्यात कॉफीचं दुकान व्हावं असं माझ्या मुलाला वाटत होतं. मला वाटत नव्हतं, आणि गाळ्याची भाडेपावती माझ्या नावावर आहे, म्हणून ते झालं नाही, असं लालबागमधले लोक सांगतात. ते खोटं आहे. पावती मी पेटीतून काढलीसुद्धा नाही.

गाळा माझ्या नवऱ्याने चालवला. टॅक्सीवाल्यांच्या गाड्या यायच्या, त्यातही काम पाट्यांचं आणि शॉकपचं. पाटे म्हणजे मागच्या चाकांवरच्या लोखंडी कमानी, गाडीचं वजन त्यांच्यावर. शॉकप म्हणजे खड्ड्यातून गेल्यावर गाडीला नाचू न देणारा तेलाचा दांडा. मी चौथीपर्यंत शिकले आहे, पण खाली गाळा आणि वर खोली असली की हे शब्द शाळेत न जाताही येतात. नवरा गेला, जुन्या काळ्या-पिवळ्या गाड्याही गेल्या, आणि गाळ्याला कुलूप लागलं. मुलगा बँकेत. त्याला हाताला ग्रीस लागलेलं लहानपणापासून आवडत नाही.

कुलूप उघडलं ते त्याच्या मुलीने. ही माझी एकुलती नात. गाड्यांचा डिप्लोमा केला, दोन वर्षं कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तिला काउंटरवर बसवून ठेवलं, कारण मुलगी, म्हणून ती तिथून निघाली. तिला टॅक्सी नको होत्या. घाटापलीकडे एक ट्रॅक आहे, वळणावळणांचा. तिथे लोक स्वतःच्या गाड्या घेऊन जातात, दिवसभर जीव खाऊन पळवतात आणि संध्याकाळी त्याच गाडीत बसून घरी येतात. अशा गाड्यांच्या स्प्रिंगा आणि शॉकप नीट बसवून द्यायचे, हा तिला धंदा करायचा होता. पण ही माणसं आपली गाडी कुणाच्याही हातात देत नाहीत. ज्याची स्वतःची गाडी ट्रॅकवर सरळ पळते त्यालाच देतात. म्हणून तिने एक जुनी लहान गाडी घेतली आणि मागची सीट काढून टाकली.

पहिल्यांदा गेली तेव्हा तिला फाटकातूनच परत पाठवलं. तिथे आधी गाडी तपासतात. हिचा पुढचा शॉकप तेल गळत होता.

मुलाला हेच हवं होतं. कॉफीवाला गाळ्यासाठी त्याच्या मागे लागलाच होता. जेवताना त्याने मुलीला सांगितलं की अजून एकदा जा, दिवाळीच्या आत, आणि तेव्हाही गाडी ट्रॅकवर उतरली नाही तर गाळ्याची किल्ली माझ्या हातात दे. नात म्हणाली, देते. मी म्हटलं, विचार करून बोल. ती म्हणाली, आजी, बोलले ना. तिचा आजोबा असाच होता. त्याच्याही तोंडातून शब्द गेला की तो जेवायलासुद्धा थांबायचा नाही.

मग सामान घ्यायला आम्ही दोघी लोअर परळला गेलो. जिथे माझा भाऊ कापडाचे साचे चालवायचा त्या गिरणीच्या आवारात आता काचेची दुकानं आहेत, त्यातलं एक गाड्यांच्या सामानाचं. तिथल्या पोराने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नातीला एक लाल-निळा सेट दाखवला. स्प्रिंग आणि शॉकप एकत्र, आटे फिरवले की गाडी पाहिजे तेवढी खाली बसते. ट्रॅकवर जाणारे सगळे हाच लावतात, गाडी जमिनीला चिकटून पळते, असं तो सांगत होता. मी विचारलं, जमिनीला चिकटलेली गाडी आमच्या गल्लीतून बाहेर कशी काढायची? आमच्याकडे गणपतीच्या मांडवासाठी खणलेले खड्डे पुढच्या गणपतीपर्यंत तसेच असतात. तो म्हणाला, आजी, अशा गाड्या ट्रकवर चढवून नेतात.

"मग ट्रकच पळवू दे ना तिला," मी म्हटलं.

नात हसली, तो नाही हसला. पण तिचं आधीच ठरलं होतं. तिने मला दुकानातच समजावलं. गाडी खूप खाली बसवली की शॉकपला वरखाली व्हायला जागाच उरत नाही, तो तळाला आपटतो, आणि वळणावर आपटला की चाक रस्ता सोडतं. तिला उंची होती तशीच हवी होती. स्प्रिंगा थोड्या कडक, त्यांना जुळणारे शॉकप, कडकपणा कमीजास्त करायला वर एक बटण, आणि चाकांच्या दांड्यांमधले सगळे झिजलेले रबरी बुश बदलायचे. बुश ढिले असतील तर वर सोन्याचा शॉकप लावला तरी गाडी डुलणारच. हे मला पटलं. टॅक्सीतही तेच होतं.

लाल-निळा सेट घेतला नाही म्हणून जे वाचलं त्यात तिने स्कॅनर घेतला. गाडीला वायरने जोडायचं यंत्र. गाडीचं काय दुखतंय ते पडद्यावर दिसतं. मोबाइलला जोडायचं स्वस्तातलंही मिळतं, पण ते तिच्या गाडीत इंजिनापुढे काही सांगत नाही. हे मोठं यंत्र ब्रेकला विचारतं, स्टीअरिंगला विचारतं, एकेका चाकाला वेगळं विचारतं. मुलाने घरात त्यावरून डोकं फिरवून घेतलं. म्हणाला, शॉकप स्वस्तातला आणि खेळणं महागातलं. बाबा नुसत्या आवाजावरून ओळखायचे. मी त्याला म्हटलं, ओळखायचे, आणि चुकायचेसुद्धा. चांगला शॉकप काढून नवा लावला, आवाज तसाच, आणि टॅक्सीवाला दुसऱ्या दिवशी दारात शिव्या देत उभा, हे मी कितीदा वरून बघितलंय. मेलेल्या माणसाला उगाच मोठं करू नको. त्यावर तो मालवणीत आला. चिडला की येतो.

"आये, तुका काय कळता त्यातला?"

"तुझ्यापेक्षा जास्त," मी म्हटलं, आणि आमटी वाढली.

नातीने सगळं एकटीने बसवलं. स्प्रिंग दाबून बांधायचं काम धोक्याचं असतं, ती सुटली तर माणूस जातो, म्हणून ते चालू असताना मी गाळ्याच्या दारात स्टूल टाकून बसायचे आणि चाळीतल्या पोरांना आत फिरकू द्यायचे नाही. मग चाकं सरळ करायची वेळ आली. गाडीच्या दोन्ही बाजूंना दोरी ताणली आणि दोरीपासून चाकं मापली. हे माप गाडी चालवणारा आत बसलेला असतानाच घ्यावं लागतं, कारण त्याच्या वजनाने गाडी एका बाजूला बसते. चालवणारी ती आणि मापणारीही तीच. म्हणून आत मी बसले. आमच्या दोघींचं वजन जवळपास सारखं. लुगड्याचा काचा मारून स्टीअरिंगसमोर बसलेली म्हातारी बघायला अर्धी चाळ जमली. समोरची म्हणाली, आजी, हेल्मेट आणू का. मी म्हटलं, आण, आणि येताना तुझ्या नवऱ्याला आण, दुसऱ्या बाजूला वजन कमी पडतंय. शेवटी नातीने स्कॅनर लावून स्टीअरिंग सरळ म्हणजे कुठे ते गाडीला शिकवलं, आणि काम संपलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. गाळ्यात पाऊल ठेवणार नाही म्हणणारा माझा मुलगा पहाटेच दादरला जाऊन झेंडू घेऊन आला. नात आंघोळीला गेली होती. तो पिशवी घेऊन गाळ्यात शिरताना मी गॅलरीतून बघितला आणि चहा ठेवायला आत वळले. लहान असताना दसऱ्याला गाड्यांना फुलं बांधायचं काम त्याचंच असायचं. आम्ही खाली गेलो तेव्हा बोनेटवर हार होता, आरशांना माळा होत्या. पाने, पक्कड, जॅक पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. नातीने स्कॅनरही पाटावर ठेवला. मी कुंकू त्याच्या पेटीला लावलं. वायरीच्या तोंडात जाऊ दिलं नाही, एवढी अक्कल मला आहे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने हार काढले आणि गाडी परळच्या पुलापर्यंत फिरवून आणायला गेली. रविवारी ट्रॅक होता. परत आली तेव्हा तोंड उतरलेलं. समोरच्या पट्टीवर ब्रेकचा पिवळा दिवा पेटला होता, तो विझत नव्हता. असा दिवा पेटलेली गाडी फाटकातून आत घेत नाहीत.

मुलगा कामावर निघाला होता, हातात डबा. त्याने वाकून दिवा बघितला. म्हणाला, घरच्या गाळ्यात बसून असली कामं होत नसतात, कंपनीवाले काय वेडे आहेत का, आणि शब्द तूच दिला होतास. खिशातून फोन काढला, कॉफीवाल्याला सांगून टाकायला.

नात नुसती दिव्याकडे बघत राहिली. शब्द दिलेली माणसं अशी मुकी होतात. मग मलाच बोलावं लागलं.

"फोन खिशात ठेव. रविवार उजाडलेला नाही. आधी तिला बघू दे."

तो म्हणाला, काय बघायचंय, दिसतंय की. मी स्टूल उचललं आणि गाळ्याच्या उंबऱ्यात टाकून बसले. म्हटलं, मला ओलांडून जायचं असेल तर जा. तो उंबऱ्याच्या बाहेर होता की आत, हे मी बघितलंच नव्हतं. तो आत होता, आणि त्याला तिथेच थांबावं लागलं.

नातीने वायर जोडली. यंत्राने थोडा वेळ घेतला आणि सांगितलं की पुढच्या डाव्या चाकाकडून निरोप येत नाही, बाकी तीन ठीक. मी विचारलं, ते मोबाइलचं स्वस्तातलं घेतलं असतं तर काय म्हणालं असतं? ती म्हणाली, काही नाही. इंजिन ठीक आहे म्हणालं असतं. हे मी मुलाकडे बघत विचारलं होतं.

तिने गाडी जॅकवर उचलली, खाली टेकूला लोखंडी घोडी लावली आणि डावं चाक काढलं.

आत झेंडू होता. नव्या शॉकपला दोऱ्याने गुंडाळून बांधलेली अख्खी माळ. चाक फिरलं तसा दोऱ्याचा पदर फिरणाऱ्या दांड्यात अडकला होता आणि जाताना शेजारची बारीक वायर ओढून घेऊन गेला होता. चाक किती वेगाने फिरतंय ते ब्रेकला कळवणारी वायर. तिचं टोक सॉकेटातून अर्धं बाहेर लोंबत होतं. पाकळ्यांचा चेंदा झालेला.

नातीने माळ ओढून काढली आणि माझ्याकडे बघितलं. मी मुलाकडे बघितलं. त्याने डबा या हातातून त्या हातात घेतला.

"बाबा आतून बांधायला लावायचे," तो म्हणाला. "जिथे काम केलंय तिथेच बांध म्हणायचे."

हे खरं होतं. मी विसरले होते, पण खरं होतं. गाड्या धुऊन ओळीत लागलेल्या, आणि हा चड्डीतला, खाली घुसून पाट्यांना झेंडू बांधतोय.

नात म्हणाली, "पप्पा, आजोबांच्या टॅक्सीला इथे वायर नव्हती."

त्याने उरलेल्या तीन चाकांकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला की चारही चाकांना बांधलंय.

मला हसू आलं. आवरलं नाही. नात आधी रागावली आणि मग तीही हसली. चारही चाकं काढावी लागली. मुलाने डबा ठेवला, बाह्या दुमडल्या आणि उजेडाला बॅटरी धरून बसला. बँकेत त्या दिवशी उशीर झाला असणार. मी विचारलं नाही. वायरीला काही झालं नव्हतं. नातीने टोक परत दाबून बसवलं, क्लिप लावली, यंत्रावर जुनी तक्रार पुसली आणि गल्लीत एक फेरी मारून आली. दिवा गेला होता.

रविवारी मी तिच्याबरोबर गेले. मागची सीट नाही म्हणून गाडीत दोघींचीच जागा, मुलाला घरी राहावं लागलं, आणि ते त्याने आम्ही निघेपर्यंत ऐकवलं. फाटकावर तपासणाऱ्याने चाकांच्या आत बॅटरी मारली, शॉकपवर बोट फिरवलं आणि बोटाला लागलेलं पिवळं बघून विचारलं, काय गळतंय? पाकळी होती.

"दसरा झाला ना परवा," मी म्हटलं. त्याने बोट पुसलं आणि काचेवर तपासल्याची चिठ्ठी चिकटवली.

ट्रॅकवर बघण्यासारखं फार काही नसतं. गाडी आवाज करत येते, आवाज करत जाते. मी डब्यातली भाकरी खाल्ली. पण वळणावर तिची गाडी बाकीच्यांसारखी डुलत नव्हती, एवढं मला लांबूनही कळत होतं. मधे ती येऊन पुढच्या शॉकपची बटणं थोडी कडक करून गेली. लाल-निळा सेट लावलेल्या एका गाडीचा मालक तिचं ते काम कमरेवर हात ठेवून बघत होता. त्याची गाडी वळणावर उड्या मारत होती. पुढच्या आठवड्यात ती गाडी लालबागला आली, ट्रकवर, कारण मांडवाच्या खड्ड्यांवरून ती आत येईना.

कॉफीवाला दिवाळीत मिठाई घेऊन आला. मुलानेच त्याला दारातून सांगितलं की गाळा रिकामा नाही. मिठाई मी ठेवून घेतली.

पावतीची गोष्ट म्हणून खोटी. पण लोक पुढचंही विचारतात, की दिवा विझला नसता, तर पावती काढली असती का? मुलानेही एकदा विचारलं. काढली असती. शब्द नातीने दिला होता, मी दिला नव्हता.